भाड्याची कॅम्पर व्हॅन : देखणी सजावट, अपुरी सुरक्षितता

पुण्यातील एका व्यावसायिकाकडून फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन आम्ही सहकुटुंब ताम्हिणी घाटातून माणगावमार्गे दापोलीला जाऊन आलो. गाडी स्वच्छ होती आणि गाद्याही आरामशीर होत्या. परंतु अशा गाडीची खरी परीक्षा घाटातल्या वळणावर आणि अचानक ब्रेक लागल्यावर होते, म्हणून हे परीक्षण मुख्यतः आतल्या बांधणीविषयी आहे.

विजेचे काम मनापासून आवडले. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी पोलादी पट्ट्यांनी तळाला आवळलेली आहे आणि मुख्य फ्यूज तिच्या अगदी जवळ असल्यामुळे पुढे वायर कुठेही घासून शॉर्ट झाली तरी प्रवाह तिथेच तुटेल. १५०० वॅटची इंडक्शन शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरमार्फत चालवताना १२५ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते. घरगुती जाडीची वायर तेवढ्याने तापून पेटू शकते. येथे पुरेशी जाड केबल वापरलेली आहे. अग्निशामक नळकांडे दाराशीच असल्याने ते आतून आणि बाहेरूनही हाताला येते, हेही चांगले.

गॅसची व्यवस्था मात्र मला धोकादायक वाटली. सिलेंडर पलंगाखालच्या बंद कप्प्यात ठेवलेला असून त्या कप्प्याला बाहेर उघडणारा झरोका नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो वर न जाता तळाशी साचतो, आणि छतावरचा पंखा कितीही वेळ चालवला तरी तो पुरता बाहेर पडत नाही. सिलेंडरचा कप्पा झोपण्याच्या जागेपासून हवाबंद वेगळा हवा, त्याचे दार गाडीबाहेर उघडायला हवे आणि तळाला गॅस थेट खाली निघून जाईल असे भोक हवे. एवढ्या खर्चिक सजावटीत हे करणे मुळीच अवघड नव्हते. आम्ही रेग्युलेटर बंदच ठेवला आणि सगळा स्वयंपाक इंडक्शनवर केला.

डोक्यावरची कपाटे हलक्या प्लायची असून गाडीच्या सांगाड्याला बोल्टने जोडलेली आहेत. १९ मिलिमीटर प्लायचा आठ बाय चारचा एक तक्ता साधारण पस्तीस किलो भरतो, हे लक्षात घेतले म्हणजे उंचावर वजन टाळण्याचा हा निर्णय किती शहाणपणाचा आहे ते कळते. खालच्या ड्रॉवरना मात्र नुसते लोहचुंबक लावले आहेत. घाट उतरताना ते उघडून स्टीलची भांडी गाडीतल्या चालायच्या वाटेत पडली. तिथे दाबून बंद होणाऱ्या कड्याच हव्यात.

आडव्या सोफ्यावर धावत्या गाडीतही बसता येईल, असे आम्हाला गाडी देताना सांगण्यात आले. हा सल्ला कुणीही मानू नये, कारण त्या सोफ्याला पट्टे नाहीत आणि समोरून धडक बसली तर आडव्या बसलेल्या माणसाला आधार राहत नाही. प्रवासी तेवढ्या पुढे तोंड असलेल्या, पट्ट्यांच्या जागा आहेत की नाहीत, हे आरक्षण करतानाच विचारावे.

आरसीवर गाडीची नोंद कॅरव्हॅन म्हणून आहे, ही जमेची बाजू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरबदलांवर निर्बंध आहेत आणि कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वाहन उद्योगाचे स्वतंत्र मानक आहे, त्यामुळे इतरांनीही आरसी मागून पाहावी.

परत करताना या त्रुटी मी व्यावसायिकाला लेखी दिल्या. गॅसचा कप्पा बदलेपर्यंत लहान मुले असलेल्या कुटुंबांना ही गाडी मी सुचवणार नाही. दोघांनाच जायचे असेल आणि सिलेंडर काढून देण्यास व्यावसायिक तयार असेल, तर ती अवश्य घ्यावी.