कानोतले आठ महिने: एक कुजेरा, एक उखळ आणि एक फसलेला पलंग

गेल्या ऑक्टोबरात आम्ही नायजेरियातल्या कानोला राहायला आलो, तेव्हा घरात नवऱ्याच्या कंपनीने दिलेला सोफा आणि प्लास्टिकच्या चार खुर्च्या एवढंच होतं. बाकीचं इथलंच घ्यायचं ठरवलं. आता जून संपत आलाय. एवढ्यात तीन लाकडी वस्तू घेतल्या: एक बुटकं स्टूल (इथला कुजेरा), उखळ-मुसळ आणि डबल बेडचा पलंग. पहिल्या दोन अजून रोज वापरात आहेत. पलंगाचं नंतर सांगते, आधी चांगलं बोलू.

इथे लाकूडकाम करणारे दोन प्रकारचे. मसस्साकी ओंडका घेऊन कोरतो आणि काफिन्ता फळ्या जोडतो. काफिन्ता हा शब्द ‘कार्पेंटर’वरून आलाय, म्हणजे तो धंदा किती नवा ते कळतंच. जुन्या हौसा घरात (हौसा म्हणजे इथले मुख्य लोक आणि त्यांची भाषा) जोडकामाचं फर्निचर फारसं नसायचं. बसायला चटई, झोपायला ज्वारीच्या ताटांचा नाहीतर चक्क मातीचा पलंग, आणि थंडीत त्या मातीच्या पलंगाखाली विस्तव. लाकूड लागायचं ते उखळीला, वाडग्यांना, कुदळीच्या दांड्यांना, मुलांच्या कुराण शिकायच्या पाट्यांना आणि बुटक्या बैठकांना. हे मला आधी माहीत असतं तर पैसे वाचले असते.

स्टूल घेतलं कानोजवळच्या वुदिल गावाच्या रस्त्याला, आमच्या मैगादीच्या ओळखीने. मैगादी म्हणजे गेटवरचा राखणदार. मसस्साकी कडुनिंबाखाली बसला होता. (कडुनिंब इथे आपल्याकडूनच आला, आणि त्याचं इथलं नाव ‘दोगोन यारो’, म्हणजे उंच पोरगा. मला हे नाव फार आवडलं.) ओंडका दोन पायांत धरलेला आणि हातात गिझागो, म्हणजे आपल्या सुताराचा वाकसच. ना पट्टी, ना पेन्सिल. वितीने मोजायचं, ठोकायचं, ओंडका फिरवायचा, पुन्हा ठोकायचं. सांधा नाही, खिळा नाही, सरस नाही; बैठक आणि पाय एकाच लाकडातले.

भाव करायला गेले तर त्याने पंधरा हजार नायरा सांगितले. मी आठ म्हटलं. तो हसून म्हणाला, “अल्बरका.” मला वाटलं आशीर्वाद देऊन सौदा पक्का केला! मैगादी कानात म्हणाला, “मॅडम, तो नाही म्हणतोय.” इथे कमी भावाला नकार द्यायचा तो असा, बरकत चिंतून. अकरावर आल्यावर “ना सल्लामा”, म्हणजे ‘दिलं’, ऐकू आलं, तेव्हा सुटले.

याला कुजेरार त्सुगुनो म्हणतात, म्हणजे उकिडवं बसायचं आसन. जेमतेम एक वीत उंच. पहिला आठवडा मी त्याला खुर्चीच्या मापाने जोखत होते आणि गुडघ्यांच्या नावाने कुरकुर करत होते. मग एक दिवस त्यावर बसून विळीवर भेंडी चिरली, आणि लक्षात आलं की हा आपला पाटच आहे, फक्त जरा उंच आणि बुडाला खोलगट. त्यानंतर भाजी, कपड्यांच्या घड्या, फोनवरच्या गप्पा, सगळं त्यावरच. सोफा पाहुण्यांसाठी.

मग जानेवारीत ते तडकलं.

नोव्हेंबरच्या अखेरीपासून इथे हुन्तुरू सुरू होतो, म्हणजे हरमट्टन. सहाराकडून कोरडा वारा येतो आणि चाडमधल्या बोदेलेच्या खोऱ्यातली पिठासारखी धूळ घेऊन येतो. ओठ फाटतात, टाचा फाटतात, दाराच्या फळ्यांत फटी पडतात. एका रात्री फटाक्यासारखा आवाज झाला, सकाळी बघते तर बैठकीच्या मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत चीर, नख जाईल एवढी. मी तणतणत मैगादीला दाखवलं. तो म्हणाला, “हुन्तुरू ने,” म्हणजे हुन्तुरूच आहे, आणि चहा पीत राहिला.

त्याचं बरोबर होतं. ही कामं ओल्या लाकडात करतात, कारण वाळलेल्या लाकडात गिझागो नीट चालत नाही. शिवाय अख्ख्या ओंडक्याचा गाभा आतच राहतो. लाकूड वाळताना वर्तुळाच्या दिशेने जास्त आकसतं, गाभ्याकडे कमी, मग कुठेतरी फाटणारच. मैगादीच्या सल्ल्याने बूड वर करून सावलीत ठेवलं आणि आठवड्यातून एकदा मान कदान्या चोळलं. हे कदान्याच्या बियांचं लोणी, ज्याला दुकानदार शिया बटर म्हणून महाग विकतात. या महिन्यात पाऊस सुरू झाल्यावर चीर मिटत मिटत रेघेएवढी झालीय. बसताना डगमग शून्य. घेणाऱ्यांनी चिरेला घाबरू नका, फक्त एसीच्या झोतासमोर ठेवू नका.

उखळ कुरमी बाजारातलं. हा बाजार पंधराव्या शतकातला, मुहम्मद रुम्फा राजाच्या काळचा, आणि गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून हातगाडी आली की भिंतीला चिकटायचं. उखळीला तुर्मी म्हणतात, मुसळाला तबार्या. लाकूड किर्याचं, म्हणजे आपल्या शमीच्या नात्यातलं झाड. दगडासारखं कठीण, वाळवी सहसा तोंड लावत नाही. कोळशासाठी या झाडाची बेसुमार तोड झालीय, म्हणून चांगलं किर्या शोधावं लागतं. मी स्वयंपाकघरातलं छोटं घेतलं, तरी घरी आणताना दोघांना उचलावं लागलं.

पहिले चार दिवस त्यात नुसता कोंडा आणि खडेमीठ कुटून फेकलं, रंग उतरायचा थांबेपर्यंत. नंतर त्यातलं दाण्याचं कूट खाल्लं आणि मिक्सर माळ्यावर गेला. कानोचा शेंगदाणा मुळातच चांगला, त्यात मिक्सरसारखं तेल सुटत नाही, रवाळ राहतं. इथे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, त्यामुळे लसणाची चटणीही त्यातच होते. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर बघून “आम्ही टाकून दिलं ते तू विकत घेतलंस” असं सुनावलं. पाच महिन्यांत ना तडा, ना वास. तक्रार एकच: खालच्या मजल्यावर राहत असाल तरच घ्या. शेजारच्या आवारात बायका दोघी-तिघी मिळून एका तालात कुटतात, मधेच मुसळ हवेत सोडून टाळीही वाजवतात, त्याला लुगुदे म्हणतात. ते ऐकायला छान वाटतं. माझं एकटीचं नुसतं धडधड.

आता पलंग. हौसात पलंगाला ‘गदो’ म्हणतात आणि वारशालाही ‘गदो’च; लिहायला सारखं, उच्चारात बारीक फरक. आमचा गदो कोणाला वारशात देण्यासारखा नाही. मोठ्या रस्त्यावरच्या एका काफिन्ताकडून घेतला. दुकानात नव्या नवरीचं सामान खच्चून भरलेलं होतं. इथे मुलीकडचे लोक तिची खोली भरून देतात, पलंग, कपाट, आरसा, सगळं, त्याला कायन दाकी म्हणतात. काफिन्ताचं पोट मुख्यतः त्यावर चालतं, त्यामुळे सगळा भर वरच्या चकाकीवर. त्याने महोगनी सांगितली, रंगही तसाच गडद तांबूस. मार्चमध्ये पलंगाखाली पिठाच्या लहान लहान ढिगल्या दिसू लागल्या. खालून नखाने खरवडलं तर आत पांढरंफटक मऊ लाकूड, त्यात टाचणीएवढी भोकं. सांधे खाच-कुसूचे नाहीत, नुसते खिळे. हुन्तुरूत लाकूड आकसल्यावर ते ढिले झाले आणि कूस बदलली की करकर. परत गेले तर म्हणाला, “साई हाकुरी,” धीर धरा. धरला. औषध मारून आणि लोखंडी कोन ठोकून सध्या चालवतोय.

घ्यायचाच असेल तर उलटा करून खालची बाजू खरवडा, एक टोक उचलून वजन बघा, आणि कोपऱ्यावर नुसते खिळे दिसले तर पुढच्या दुकानात जा. अस्सल मदोबियाचा मिळाला तर घ्या; ते आपल्या बिबळ्याचं भावंड. पण ते परदेशात इतकं गेलं की 2017 पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराखाली (धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा करार) नियंत्रित आहे, त्यामुळे ‘मदोबिया, स्वस्तात’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या कुजेरासाठी पुन्हा वुदिलच्या रस्त्याला गेले. कडुनिंबाखाली अर्धवट तासलेला एक ओंडका पडलेला, मसस्साकी नाही. पावसात तो शेतात असतो, कोरायचं काम कोरड्या दिवसांतलं. त्याचा मुलगा म्हणाला, बाजरी काढून झाली की या.