पॅरिश रजिस्टर की बिशपकडची नक्कल?

इंग्लंडमधल्या एखाद्या गावात अठराव्या शतकातला पूर्वज शोधताना पेच पडतो: पॅरिशचं, म्हणजे गावच्या चर्चच्या हद्दीतल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींचं मूळ रजिस्टर पाहायचं की तेव्हा दरवर्षी बिशपकडे, म्हणजे त्या भागातल्या चर्चांच्या प्रमुखाकडे जाणारी त्याची नक्कल?

भरवशाच्या बाबतीत रजिस्टर कितीतरी सरस. १७५४ पासून विवाहाच्या नोंदीखाली वधूवरांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या असतात. ज्याला लिहिता येत नसे त्याची थरथरती फुली आणि शेजारी दुसऱ्याने लिहिलेलं नाव. साक्षीदार नीट पाहा, बरेचदा ते भाऊ-बहीणच निघतात. नकलेत सगळं एकाच हाताचं अक्षर. वर्षाकाठी एकदम उतरवताना ओळी सुटत, आडनावंही बदलत.

टिकण्याचं मात्र उलटं. रजिस्टरं १५३८ पासूनची, पण दमट पेट्यांत कितीतरी कुजली. नकला १५९८ पासूनच्या. वेगळ्या जागी ठेवल्या म्हणून वाचल्या. फक्त १६४९ ते १६६० या काळात त्या जवळपास नाहीतच.

तारखेचा घोळ दोन्हीकडे सारखाच. १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून ‘फेब्रुवारी १७२०’ म्हणजे आपल्या हिशेबाने १७२१.

नातं पक्कं करायचं असेल तर रजिस्टरच हवं. ते हरवलं असेल, पान फाटलं असेल किंवा शाई उडाली असेल, तर नक्कल काढा.