संशोधन प्रकल्पाला पैसा कुणाचा: सरकारचा की कंपनीचा?

बडोद्यात रसायनशास्त्र शिकवायला लागलं की दोन-तीन वर्षांत हा प्रश्न पुढ्यात येतोच. नंदेसरी-रणोलीचा रासायनिक कारखान्यांचा पट्टा हाकेच्या अंतरावर, त्यामुळे कंपन्यांचे फोन येतात. दिल्लीला प्रस्ताव पाठवायचा, तर मंजुरीची वाट बघण्यात दिवाळी उलटते. मी दोन्हीकडचा पैसा वापरलाय.

वेगात कंपनीला तोड नाही. मिश्रणातले घटक वेगळे करणारा कॉलम संपला की फोन करायचा, आठवड्याभरात नवा दारात. सरकारी ग्रांटमध्ये त्याच कॉलमसाठी जेम हे सरकारी खरेदीचं पोर्टल, कोटेशनं, खरेदी समिती. 2025 मध्ये संशोधनासाठी कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा 1 लाखावरून 2 लाखांवर गेली, त्यामुळे बारीकसारीक खरेदीचा जाच कमी व्हावा. पण यूसी, म्हणजे पैसे कसे खर्च झाले याचं प्रमाणपत्र, आणि 31 मार्च काही टळत नाहीत; मार्चअखेरीस आमच्या मजल्यावर विज्ञानाबद्दल कुणी बोलत नाही. जेआरएफ या संशोधक विद्यार्थ्यांच्या फेलोशिपचे महिना 37,000 कागदावर छान दिसतात, पण ते हातात पडेपर्यंत पोरं मेसमध्ये उधारीवर जेवतात.

सरकार विषयात ढवळाढवळ करत नाही, असंही नाही. जानेवारी 2023 मध्ये हरित हायड्रोजन मिशनला 19,744 कोटी मंजूर झाले आणि बघता बघता आम्हा उत्प्रेरकवाल्यांच्या प्रस्तावांत हायड्रोजन शिरला. माझ्याही. मात्र एकदा मंजुरी मिळाली की आत काय निघालं यात कुणी नाक खुपसत नाही. 'जमलं नाही' असंसुद्धा शेवटच्या अहवालात लिहिता येतं.

कंपनीच्या बाबतीत माझं मन उडालं ते एका पेपरवरून. मसुदा मंजुरीला गेला तो पावसाळाभर तिकडेच. परत आला तेव्हा उत्प्रेरकाचं नाव खोडून 'नमुना क' केलेलं, आणि आलेखाच्या आडव्या अक्षावरचे तापमानाचे आकडे काढा म्हणून शेरा. तापमानाशिवाय त्या आलेखात उरतं काय? नियतकालिकासाठी पेपर तपासणाऱ्या रेफरीने पहिलाच प्रश्न विचारला, 'क' म्हणजे काय? पेपर परत. माझी नोकरी कायमची, माझं फारसं बिघडलं नाही. पण काम जिने केलं त्या विद्यार्थिनीचा पीएचडीचा प्रबंध त्याच आकड्यांवर उभा होता, आणि प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर सगळ्यांसाठी खुला होतो. तिने अख्खं प्रकरण काढून दुसऱ्याच अभिक्रियेवर नव्याने काम केलं. करार बघितला तर कंपनीचं काही चुकलं नव्हतं, हेही सांगायला हवं.

उद्योगातले मित्र म्हणतात, बडोदा कारखान्यांनी घडवलं. असेलही. पण सयाजीरावांनी कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली 1890 मध्ये, संस्थानच्या पैशाने. तिथले पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर. त्यांनी कोटिभास्कर आणि अमीन यांच्या जोडीने अलेंबिक ही औषध-रसायनांची कंपनी उभी केली ती 1907 मध्ये. आधी सरकारी पैसा, मग कारखाना, हा क्रम मला अजून पटतो.

उपकरण दुरुस्तीला पैसे हवे असतील, किंवा विद्यार्थ्याकडे स्वतःची फेलोशिप असून त्याचा प्रबंध वेगळ्याच विषयावर असेल, तर कंपनीचं काम जरूर घ्या, मीही घेतो. फक्त एनडीएवर, म्हणजे गुप्ततेच्या करारावर, सही करण्याआधी एक कलम घालून घ्या: 60 दिवसांत हरकत आली नाही तर पेपरला परवानगी आहे असं धरलं जाईल. त्याला कंपनी कां-कूं करू लागली, तर त्या कामावर विद्यार्थी लावू नका.