‘टक’ एवढाच आवाज आणि बावीस हजारांचं बिल

बॅटरी ४,९०० रुपये. नवा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, ७,८००. इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडी क्लीनिंग २,६००. ईसीएम, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रामिंग ५,५००. मजुरी १,२००. एकूण २२,०००, आणि गॅरेजवाल्याने हे सगळं लिहून दिलं वहीच्या फाडलेल्या पानावर. गाडी नाशिकच्या इंदिरानगरमधली, नऊ वर्षं वापरलेली छोटी पेट्रोल हॅचबॅक. तक्रार एकच होती. कधीकधी किल्ली फिरवली की ‘टक’ वाजायचं आणि सेल्फ उचलायचाच नाही. आठ-दहा वेळा किल्ली मारली की काही झालंच नाही अशी चालू. शेवटचे पैसे दिल्यावर बाराव्या दिवशी पेट्रोल पंपावर गाडी बंद केली आणि पुन्हा तेच ‘टक’.

खरा बिघाड होता बॅटरीच्या निगेटिव्हपासून गिअरबॉक्सला जाणाऱ्या अर्थिंगच्या केबलमध्ये. बाहेरून केबल धडधाकट. काळी स्लीव्ह मागे सरकवल्यावर लगच्या (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडाच्या) आत तांब्याचा हिरवा भुगा निघाला, धड उरलेल्या तारा बोटावर मोजण्याइतक्या. नवी केबल आणि लग मारण्याचे मिळून साडेतीनशे रुपये.

मधूनच येणारा बिघाड लुबाडणाऱ्याला फार सोयीचा असतो, कारण काहीही बदललं तरी चार दिवस गाडी बरी चालते. बॅटरी बदलताना दोन्ही टर्मिनल निघतात, घासली जातात, घट्ट बसतात आणि केबल हलते. सेल्फ काढताना गिअरबॉक्सजवळचे बोल्ट सुटतात, केबल पुन्हा हलते. उरलेल्या तारांची जागा जरा बदलली, एवढ्यावर गाडी चालू होते. ‘बघा काका, बॅटरीच बसली होती, थंडी किती पडलीये’ हे वाक्य डिसेंबरातल्या नाशकात कुणालाही पटतं. पुढे रस्त्याचे हादरे आणि इंजिनची गरमी लागली की दुखणं परत.

सेल्फचा प्रकार तर सरळ लबाडीचा. ‘नवा’ म्हणून बसवलेला सेल्फ चांदीसारखा चकचकीत होता, पण रंगाचा फवारा कनेक्टरच्या प्लास्टिकवरही उडालेला. रंग नखाने खरवडला तर खाली जुनाच स्टिकर, कडांना तेलकट काळपट थर तसाच. गाडीतला मूळ सेल्फच रंगवून परत लावला होता. गाडी गॅरेजला देण्याआधी सेल्फच्या बॉडीवर नेलपॉलिशचा एक ठिपका द्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. बॅटरीवरचा सिरीयल नंबरही टिपा. जुनी बॅटरी दुकानात दिली की नव्या बॅटरीच्या किमतीतून रक्कम कमी होते. इथे जुनीही गेली आणि सूटही मिळाली नाही.

आता तपासणी, जी एकदाही झाली नाही. पहिली घरच्या घरी: हेडलाइट लावून किल्ली मारा. ‘टक’ वाजताना दिवे एकदम मलूल झाले तर आधी बॅटरी आणि तिची टर्मिनल बघा. दिवे प्रखर आणि सेल्फ मुका, तर बॅटरीवर आळ घेऊ नका, करंट बहुधा सेल्फपर्यंत पोचतच नाहीये. अशा वेळी जंपर केबलची एक काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या उघड्या धातूला लावा. फिरत्या पट्ट्यापासून लांब. मग किल्ली मारल्यावर लगेच सेल्फ फिरला तर दोष अर्थिंगचाच.

नंतर मल्टिमीटर. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक वर, फ्यूएल पंपाचा फ्यूज काढलेला, म्हणजे इंजिन चालू न होता नुसतं फिरेल. मीटर २० व्होल्ट डीसीवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या खुंटीवर (क्लँपवर नको, खुंटी आणि क्लँपमधली घाण मापातून सुटते), दुसरं इंजिन ब्लॉकवर. दुसऱ्याने चार-पाच सेकंद किल्ली मारायची. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. या गाडीत चांगल्या वेळी ०.४ आणि ‘टक’च्या वेळी ४.७ आले. तसंच पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फचा जाड बोल्ट, तिथे ०.५ च्या आत हवेत. दोन्ही बाजू ठीक, किल्लीच्या बारीक वायरवर १० व्होल्टच्या वर येतात आणि तरी नुसतं ‘टक’, तेव्हा दोष सोलेनॉइडच्या (सेल्फवरच्या विजेच्या स्विचच्या) कॉन्टॅक्टमध्ये किंवा सेल्फच्या आतल्या कार्बन ब्रशमध्ये. पान्याच्या दांड्याने सेल्फला हलकं ठोकल्यावर उचलला तर बहुधा ब्रश. त्यासाठी अख्खा सेल्फ बदलायची गरज बहुतेकदा नसते.

केबलचा अडथळा नुसता ओहममध्ये मोजून ‘ओके आहे’ म्हणणाऱ्याकडे दुर्लक्ष करा. एक तार शिल्लक असली तरी मीटर बीप देतो. सेल्फ १५० अँपिअर ओढत असताना ०.०१ ओहमचा अडथळासुद्धा दीड व्होल्ट खातो, आणि साध्या मीटरच्या वायरींचाच अडथळा त्याहून जास्त असतो.

बॅटरीबद्दल निकाल द्यायचा तर आकडे मागा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली जायला नको. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५.

ईसीएमच्या साडेपाच हजारांमागे स्कॅनरवरचे, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणाऱ्या यंत्रावरचे, लाल कोड होते. सेल्फच्या झटक्याला व्होल्टेज कोसळलं की गाडीतले कंट्रोल युनिट (छोटे कॉम्प्युटर) एकमेकांशी संपर्क तुटल्याचे, ‘यू’ने सुरू होणारे कोड लिहून ठेवतात. गाडीमालकाला स्क्रीन दाखवली की तो घाबरतो. आधी कोड पुसायला लावा, पुन्हा बिघाड आल्यावर कोणता परत येतो ते बघा.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, हे दुखणंच निराळं. कसारा घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलात, गरम गाडी चालू होईना आणि अर्ध्या तासाने झाली, तर क्रँक सेन्सरवर (इंजिनच्या फेऱ्यांची खबर देणाऱ्या सेन्सरवर) संशय. सेल्फ फिरताना स्कॅनरवर आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, शून्य दिसतो, कोड बहुधा पी०३३५. आरपीएम दिसत असेल तर किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाची दोनेक सेकंदांची घरघर येते का ऐका. इंजेक्टर क्लीनिंगचा मात्र ‘टक’शी काडीचाही संबंध नाही. ते २,६०० पूर्ण पाण्यात.

कागदाचं म्हणाल तर गॅरेज जीएसटीवालं असेल तर बिलावर १५ अक्षरी नंबर हवा, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. सेवा देऊन बिल नाकारणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, मग ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या प्रकरणात शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. या गाडीच्या मालकाकडे वहीचं पान, यूपीआयच्या पावत्या, खरवडलेल्या सेल्फचे फोटो आणि पिशवीत घालून ठेवलेला तो हिरवा लग आहे.