नॉनस्टिक काढला, बिडाचा तवा आणला: ३ महिन्यांचा अनुभव

कुडाळच्या बाजारात एका जुन्या भांड्यांच्या दुकानातून बिडाचा तवा घेतला, तीन महिने रोज वापरतेय. आधीच्या नॉनस्टिकचा मधला थर निघालेला आणि एक दिवस पांढऱ्याशुभ्र घावनाला खालून काळी पापडी चिकटलेली, तीही पोराच्या ताटात! पोटात चाललंच नाही तेव्हापासून.

नॉनस्टिकच्या खोक्यावर 'पीएफओए फ्री' लिहिलेलं, पण ते पूर्वी नॉनस्टिक बनवताना वापरायचे त्या एकाच केमिकलपुरतं, टेफ्लॉनचं (नॉनस्टिकचं) कोटिंग स्वतःच पीएफएएस नावाच्या फ्लोरिनवाल्या केमिकल्सच्या गटातलं, पीएफओएही त्यातलंच. कार्बन-फ्लोरिनचा बंध निसर्गात सहज तुटत नाही म्हणून ही फॉरेव्हर केमिकल्स, आणि पीएफओएला तर २०२३ मध्ये डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने माणसात कॅन्सर करणारं ठरवलंय. गिळलेली पापडी बहुतेक तशीच बाहेर पडते म्हणे, जास्त धोका रिकामा तवा २६० डिग्रीच्या वर तापला की निघणाऱ्या वाफांचा, आणि ही केमिकल्स बनवताना-वापरताना पाण्यात जातात त्याचा. आमचं तर विहीर, खाडी, मासे, सगळं पाण्यावरच.

तवा जड आहे, मनगट भरून येतं. पहिले आठ दिवस घावनं फाटली, मग सासूबाईंनी अर्धा कांदा तेलात बुडवून तवा घासायला शिकवलं, आता मस्त जाळी पडते आणि कडा आपोआप सुटतात. कोकमाचं आंबट त्यात करू नका, लोखंडाची चव उतरते. धुतल्यावर लगेच पुसून तेलाचा हात फिरवायचा, पावसाळ्यात एका रात्रीत गंज धरतो. दुकानदार काकांनी घासून, तापवून दाखवला, घाई केली नाही. पुढच्या खेपेला आप्पेपात्र घेणार तिथूनच.