ट्रेलर ओढताना ओव्हरड्राइव्ह: चालू की बंद?

ऑटोमॅटिक गाडीच्या मागे ट्रेलर जोडला की हा प्रश्न येतोच. जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये तिसरा गिअर साधारण १:१ असतो (इंजिनाचा एक फेरा, गिअरबॉक्समधून बाहेरही एक फेरा), तर चौथा म्हणजे ओव्हरड्राइव्ह, ०.७ च्या आसपास. म्हणजे ज्या वेगाला तिसऱ्यात इंजिन ३००० आरपीएमवर फिरतं, त्याच वेगाला चौथ्यात ते २१०० वर येतं. आवाज कमी, इंधनाची बचत. रस्ता सपाट आणि ट्रेलर हलका असेल, तर खुशाल चालू ठेवा.

खरी गंमत चढावर. २१०० वर इंजिनाला ओझं पेलवत नाही, गिअरबॉक्स तिसऱ्यात उतरतो, वेग आला की पुन्हा चौथ्यात, की लगेच परत खाली. गिअरच्या या चढ-उतारात टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा भाग) लॉकअप, म्हणजे त्याची थेट पक्की जोड, सारखं सुटतं, तो घसरत राहतो आणि ती सगळी उष्णता गिअरबॉक्सच्या तेलात जाते. तेल करपलं की क्लच प्लेटांचंही आयुष्य घटतं. त्यापेक्षा लीव्हरवरचं ‘ओ/डी’ बटण दाबून, म्हणजे ओव्हरड्राइव्ह बंद करून, तिसऱ्यातच राहावं. इंजिन ओरडतं, पण ओरडू द्या. आरपीएम मीटरवरच्या लाल रेषेच्या खाली असेपर्यंत त्याला काही होत नाही. उतारावर तर बंदच बरं, इंजिन ब्रेकिंग मिळतं आणि ब्रेक तापत नाहीत.

आठ-दहा गिअरच्या नव्या गाड्यांत ‘टो/हॉल’ मोड (ओझं ओढण्यासाठीची सेटिंग) हेच काम जास्त हुशारीने करतो. तिथे बटणांशी खेळायची गरज सहसा पडत नाही.