क्लब की निवासी अकादमी?

दांडिया बाजारातल्या एका परिचित कुटुंबाने, चौदा वर्षांच्या मुलाला बाहेरगावच्या निवासी क्रिकेट अकादमीत ठेवावे की वडोदऱ्यातच क्लबकडून खेळू द्यावे, असे विचारले, तेव्हा मी आधी त्याची जन्मतारीख विचारली. वयोगटाची गणना 1 सप्टेंबरपासून होत असल्याने सप्टेंबरात जन्मलेला मुलगा त्याच गटातल्या ऑगस्टच्या मुलाहून जवळजवळ वर्षाने मोठा असतो, आणि या वयात ते वर्ष खांद्यांत आणि चेंडूच्या वेगात दिसते. वेगवान गोलंदाजी करणारा हा मुलगा ऑगस्टचा निघाला.

अकादमीत टर्फ विकेट, व्यायामशाळा, ठरलेली दिनचर्या असते. मात्र निवड समवयस्कांतूनच होत असल्याने अंगाने मागे असलेला मुलगा शेवटच्या नेटमध्ये, म्हणजे सर्वांत मागे पडलेल्यांच्या सराव-गटात, राहण्याचा धोका असतो. क्लबात खेळपट्टीवरचे मॅटिंग फाटलेले असेल, पण रविवारच्या सामन्यात तिशीतला फलंदाज त्याचा आखूड चेंडू सहज पुल करतो आणि पुढचा कुठे टाकायचा हे त्याला तिथेच उभ्या उभ्या ठरवावे लागते.

भूमिका लवकर पक्की न होणे हाही लाभच. मुलांच्या क्रिकेटसाठी सुरतेहून वडोदऱ्याला आलेल्या कुटुंबातला हार्दिक पंड्या अठराव्या वर्षापर्यंत लेगस्पिन टाकत होता. वेगवान गोलंदाजीकडे तो बडोदा संघाच्या प्रशिक्षकांच्या आग्रहाने वळला. अर्थात परिसरालाच सारे श्रेय देता येत नाही. मांडवीच्या जामा मशिदीच्या आवारात एकत्र खेळलेल्या पठाण बंधूंपैकी इरफान 2003 मध्ये एकोणिसाव्या वर्षी कसोटी खेळला आणि 29 कसोटींत 100 बळी घेऊन तेविसाव्या वर्षीच त्याचे कसोटी क्रिकेट थांबले. थोरल्या युसूफला भारताची टोपी चोविसाव्या वर्षी, थेट 2007 च्या टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मिळाली.

एका बाबतीत मात्र अकादमी निःसंशय उजवी ठरू शकते. मुलगा वेगवान गोलंदाज आहे, आणि वाढत्या वयात अतिगोलंदाजीने कमरेच्या मणक्याला बारीक तडा जाण्याचा धोका मोठा असतो. सकाळी नेट, दुपारी शाळेचा सामना, रविवारी क्लब, यांची बेरीज क्लबात कोणी करत नाही. चांगल्या अकादमीत ती होते, पण फिजिओ नुसता माहितीपत्रकात नसून रोज मैदानावर असेल तरच.

माझा कौल तूर्त दोन हंगाम क्लबाला आहे. मुलाने टाकलेल्या चेंडूंची वही वडिलांनी ठेवावी आणि नेटमधले चेंडूही त्यात धरावेत. तरीही अकादमीच ठरली, तर शुल्क भरण्यापूर्वी एवढे विचारावे, की गेल्या हंगामात शेवटच्या नेटमधल्या मुलांना किती सामने मिळाले.